भीष्माचे मौन आणि आपला खासदार

खासदाराचे प्रगतिपुस्तक आता कुणालाही पाहायला मिळते. लोकसभेत तो किती दिवस हजर होता, त्याने किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला, खाजगी विधेयके किती मांडली, हे सारे आकडे प्रसिद्ध होतात आणि निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रे ते कोष्टकात मांडून आपल्यापुढे ठेवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे खटलेही प्रतिज्ञापत्रात येऊ लागले. ही सोय झाली हे चांगलेच झाले. पण प्रगतिपुस्तकांवर सह्या करण्यात ज्याची नोकरी गेली त्या माणसाला प्रगतिपुस्तकाच्या मर्यादाही ठाऊक असतात. वर्षभर एक दिवस न चुकता येऊन शेवटच्या बाकावर मुकाट बसणारा मुलगा हजेरीत पहिला येतो. लोकसभेत तर हजेरी म्हणजे आपण आल्याची नोंद, आणि मंत्र्यांना तेवढीही करावी लागत नाही.

दहावीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मी एकदा असे एक कोष्टक फळ्यावर मांडले होते. एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “सर, खासदार किती वेळा बोलला ते कळलं. गप्प बसला त्याची नोंद कुठं करतात?”

या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. राज्यघटनेतही मला ते सापडले नाही.

बोलण्याची नोंद होते, गप्प बसण्याची होत नाही. आणि माझा असा समज होत चालला आहे की निवडणुकीत ओतला जाणारा मोठा पैसा हा फारसा बोलण्यासाठी दिलेला नसतोच. तो बहुतांशी न बोलण्यासाठी दिलेला असतो. हे खरे असेल तर खासदाराची कामगिरी एका वहीत, त्याचा अग्रक्रम दुसऱ्या वहीत आणि निवडणुकीचा पैसा तिसऱ्याच वहीत, अशी वेगवेगळी तपासणी करून हाती काही लागणार नाही. तिन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतील.

प्रथम अग्रक्रमाचे पाहू. आम्हा बेळगावकरांना आठवणारे एक खासदार आमचे नव्हतेच. बॅरिस्टर नाथ पै हे राजापूरचे. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन वेळा तेथून निवडून गेले. त्या वेळचा दक्षिण रत्नागिरी जिल्हा म्हणजे मनीऑर्डरींवर जगणारा मुलूख. रस्ते, पूल, पाणी, रेल्वे, सारेच मागण्यासारखे. अशा मतदारसंघाच्या खासदाराने १९६७ मध्ये काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेला अधिकार नाही असे ठरवले, तेव्हा तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून त्यांनी खाजगी विधेयक आणले. शुक्रवारी दुपारी, खाजगी कामकाजाच्या त्या अडीच तासांत, एका लहानशा विरोधी पक्षाचा सभासद घटनेच्या मुळाशी जाणारा वाद घालत होता! ते विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. पुढे १९७१ च्या अखेरीस चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच म्हणणे सरकारने उचलले आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने त्याला मूलभूत चौकटीचे कुंपण घातले. नाथ पैंचे म्हणणे बरोबर की चूक, यावर कायदेपंडितांत तेव्हाही मतभेद होते. मला स्वतःला १९७३ चे कुंपण आवश्यक वाटते. पण माझा मुद्दा निराळा आहे. त्या विधेयकामुळे राजापुरात एक खडीचा रस्ता झाला नसता, आणि कुठल्या गिरणीमालकाचा एक पैशाचा फायदा झाला नसता. तरीही हा प्रश्न देशाच्या सभागृहात मांडला गेला पाहिजे असे त्या माणसाला वाटले, आणि राजापूरच्या मतदाराने त्याला त्याबद्दल शिक्षा केली नाही.

सीमाप्रश्नाचेही तसेच. त्यासाठी नाथ पै झटले, १८ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले तेही बेळगावातच. लोकसभा तीनच आठवड्यांपूर्वी बरखास्त झाली होती, निवडणूक तोंडावर होती, आणि बेळगावच्या एकाही मतदाराचे मत राजापूरच्या पेटीत पडणार नव्हते. त्यांच्यामागून राजापूरहून पाच वेळा निवडून गेलेले मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घातला. मागणाऱ्यांचे संघटन नाही, देणगी देण्याची ऐपत नाही, अशा प्रवाशांची पाठ तेवढी सुखावली. अग्रक्रम म्हणतात तो हा. कोणाचे दुखणे आपल्याला आपोआप दिसते, आणि कोणाचे कोणी दाखवून दिले तरी दिसत नाही, त्यावरून तो ओळखायचा.

एम.ए.ला असताना आम्हाला एडमंड बर्क अभ्यासाला होता. १७७४ च्या नोव्हेंबरात ब्रिस्टलच्या मतदारांपुढे त्याने जे भाषण केले ते राज्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले जाते. प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप पोहोचवणारा गडी नव्हे, त्याने आपली विवेकबुद्धी वापरली पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन. आयर्लंडच्या व्यापाराच्या बाबतीत त्याने ती वापरली, ब्रिस्टलचे व्यापारी नाराज झाले आणि १७८० मध्ये त्याला ती जागा गमवावी लागली. इथपर्यंतची गोष्ट आमच्या प्राध्यापकांनी सांगितली होती. पुढची मी नंतर वाचली. ब्रिस्टल गेल्यावर बर्क घरी बसला नाही, तो माल्टन नावाच्या गावातून पार्लमेंटात आला. ते गाव त्याचा आश्रयदाता लॉर्ड रॉकिंगहॅम याच्या मुठीत होते. म्हणजे मतदारांपासून विवेकबुद्धी स्वतंत्र ठेवणाऱ्याला एक धनको लागलाच! बर्क आपल्या आश्रयदात्याशी मनाने एकरूप होता, म्हणून त्याला ते जाचले नसेल. पण रॉकिंगहॅमच्या विरुद्ध बोलण्याची वेळ आली असती तर त्याने काय केले असते, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला फार जुने उत्तर आहे. कौरवांच्या भर सभेत द्रौपदीने एक कायद्याचा मुद्दा उपस्थित केला होता. स्वतःला हरलेला मनुष्य दुसऱ्याला पणाला लावू शकतो काय? सभेत भीष्म होते, द्रोण होते. आजच्या भाषेत बोलायचे तर हजेरी शंभर टक्के. भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. अनेक वर्षांनी, युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर आशीर्वाद घ्यायला आला तेव्हा त्याच पितामहांनी खरे कारण सांगून टाकले. माणूस अर्थाचा दास असतो, आणि मी कौरवांच्या अर्थाने बांधला गेलो आहे. द्रोण, कृप आणि शल्य यांनीही त्या दिवशी तेच सांगितले. मला या प्रसंगातले नेहमी नवल वाटते ते हे की सभेत सूक्ष्म धर्माचे कारण सांगणारा माणूस रणांगणावर पैशाचे कारण सांगतो. दुर्योधनाने त्याला सभेत गप्प बसायला सांगितले होते, असे महाभारतात कुठेही नाही. तशी गरजच पडली नाही.

पण व्यासांनी त्याच सभेत विकर्णही बसवला आहे. तो तर धृतराष्ट्राचा मुलगा, त्याच घरचे अन्न खाणारा, वयानेही लहान. तो उठला आणि हा पण अधर्माचा आहे म्हणून स्पष्ट बोलला. तेव्हा खाल्ल्या मिठाने जीभ बांधलीच जाते असे म्हणून भीष्मांना सोडून देता येत नाही. अर्थात विकर्ण पुढे लढला दुर्योधनाच्याच बाजूने, आणि भीमाच्या हातून मेला. आजच्या खासदाराची अवस्था विकर्णासारखी असायला हरकत नव्हती. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाते, हे खरे. परंतु पक्षादेश हा मतदानासाठी असतो. मत पक्षाला देऊन तोंड उघडे ठेवण्याची मुभा कायद्याने अजून काढून घेतलेली नाही. तरीही आपल्याला विकर्ण फारसे भेटत नाहीत, भीष्मच भेटतात. कारण तिकीट आणि निवडणुकीचा पैसा एकाच हातातून येतो.

तो पैसा किती लागतो? १९७१ च्या ज्या रायबरेलीच्या निवडणुकीवरून देशात पुढे एवढे रामायण घडले, त्या वेळी लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ३५ हजार रुपये होती. २०२२ पासून मोठ्या राज्यांत ती ९५ लाख आहे. महागाई वजा केली तरी अंतर पुष्कळ उरते, आणि हा झाला कागदावरचा खर्च. १९७४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात असे ठरवले की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरावा. सरळ न्याय! त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि पाठोपाठ कायदा होऊन पक्षाचा खर्च मर्यादेबाहेर काढला गेला. २००३ मध्ये ही पळवाट अरुंद करण्यात आली, पण पक्षाने स्वतः एकंदर किती खर्चावे याला आजही मर्यादा नाही. कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ मध्ये बंदी आली आणि १९८५ मध्ये उठली. बंदीच्या काळात पैसा थांबला असे कुणी म्हणत नाही, तो काळा होऊन येत राहिला. पुढे नफ्याच्या ठराविक टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ मध्ये गेली, आणि त्याच वर्षी निवडणूक रोख्यांची योजना जाहीर झाली.

रोख्यांची कल्पना अशी की देणगीदाराने स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाने तो पंधरा दिवसांत वटवायचा, आणि कुणी कुणाला दिला हे मतदाराला कळायचे नाही. त्यामागे एक युक्तिवाद होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. नाव उघड झाले तर विरोधी पक्षाला देणगी देणाऱ्यावर सत्ताधारी सूड उगवतील, म्हणून गुप्तता हवी. मतदानाची गुप्तता आपण मानतोच, मग देणगीची का नको? वरवर पटण्यासारखे आहे. पण मतदार गुप्तपणे एकच मत देतो, आणि ते दिल्यावर कुणाकडे काही मागायला जाऊ शकत नाही, कारण आपण मत कुणाला दिले हे त्याला सिद्ध करता येत नाही. देणगीदाराची गुप्तता तशी नाही. घेणाऱ्याला देणारा ठाऊक असतो, न कळण्याचे बंधन फक्त तुम्हा-आम्हावर. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली ती मतदाराच्या माहितीच्या हक्काच्या आधारावर. २०१८ पासून सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. एखाददुसरा पक्ष सोडला तर मोठ्या पक्षांपैकी हात कुणाचे कोरडे नव्हते, त्यामुळे या बाबतीत कुणी कुणाला हसण्याचे कारण नाही.

याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवून पाहाव्यात. २००५ च्या डिसेंबरात संसदेने अकरा खासदारांना काढून टाकले. प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी पैसे घेतले होते, रकमा काही हजारांपासून लाखभरापर्यंतच्या. योग्यच झाले. मात्र ते सापडले का? तर बोलले म्हणून. प्रश्न विचारल्याचा कागद राहतो. हजारपट पैसे घेऊन प्रश्न न विचारणाऱ्याला कोणत्या कागदावरून पकडणार? दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. १९९३ च्या अविश्वास ठरावाच्या वेळी लाच घेतल्याचा आरोप असलेल्या खासदारांचा खटला १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला, तेव्हा बहुमताने असे ठरले की ज्यांनी पैसे घेऊन मत दिले त्यांना घटनेच्या १०५ व्या कलमाचे संरक्षण आहे, आणि ज्याने पैसे घेऊनही मत दिले नाही त्याला ते नाही! म्हणजे सौद्याला जागणारा सुटला. हा निकाल उलटवायला २०२४ चा मार्च उजाडावा लागला. सात न्यायमूर्तींनी आता सांगितले आहे की लाच घेतली तिथेच गुन्हा पुरा झाला. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही आजीने हे सव्वीस वर्षे आधी सांगितले असते. असो.

लाच आणि देणगी यांत फरक आहे, तो पुसून टाकता कामा नये. लाचेला निश्चित काम असते. देणगीला बहुधा नसते, आणि नीतीच्या दृष्टीने खरी अडचण तिथेच आहे. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या बैठकीला मी निमंत्रित म्हणून बसलो होतो. तेथे एका गृहस्थांनी दोन वर्गखोल्या बांधून दिल्या होत्या. कसलीही अट नाही, पाटीसुद्धा लहान. शाळेमागच्या ओढ्यात भराव पडत होता आणि पावसाळ्यात पटांगणात पाणी शिरू लागले होते. नगरपालिकेला पत्र द्यावे, असा विषय पत्रिकेवर सातवा होता. सहावा संपला तेव्हा कुणीतरी चहा आणायला सांगितले. चहा झाल्यावर आठवा विषय निघाला. भराव कुणाचा होता हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते, पण गृहस्थांचा फोन आलेला नव्हता, त्यांनी शब्द टाकलेला नव्हता, त्या दिवशी ते गावातही नव्हते. इतिवृत्तात सातव्या विषयापुढे ‘पुढील सभेत’ एवढेच लिहिले गेले. लोकसभेतही असे कितीतरी सातवे विषय असतील, आणि त्यांपुढे तेवढेही लिहिले जात नसेल.

मग उपाय काय? सरकारने निवडणुकीचा खर्च करावा असे सुचवणारी इंद्रजित गुप्ता समिती १९९८ मध्ये होऊन गेली. तिने रोख पैशाऐवजी वस्तू आणि सोयींच्या रूपाने मदत सुचवली होती, तीही मर्यादित. मला तो मार्ग अर्धा पटतो. सरकारी मदतीवर मोठ्या पक्षांचा मोठा पैसा वरून येतच राहील, अशी भीती वाटते. एका अर्थाने खासदाराला सरकारी पैसा मिळतोच. १९९३ च्या डिसेंबरात सुरू झालेला स्थानिक विकास निधी २०११ पासून वर्षाला पाच कोटी आहे. त्यातून समाजमंदिरे होतात, बसथांबे होतात, आणि प्रत्येकावर नाव असते. लोकही मग पाट्या मोजून खासदाराला गुण देतात. कायदे करायला पाठवलेल्या माणसाकडून आपण बसथांबा मागितला की त्याचीही सुटका होते आणि आपलीही.

सीमाभागात आम्ही एक दुसराच मार्ग पाहिला आहे, तो वर्गणीचा. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. त्यांतले बहुसंख्य निवडून येण्यासाठी उभे नव्हतेच, दिल्लीने सीमाप्रश्नाकडे वळून पाहावे एवढ्यासाठी होते. अनामत ५०० रुपये. ४५६ जणांचे मिळून झाले २ लाख २८ हजार. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी पेन्शनमधून ते भरले होते आणि जप्त होणार हे ठाऊक असूनच भरले होते. निवडणुकीतल्या पैशाचा इतका उलटा उपयोग मी दुसरा पाहिला नाही. इतर ठिकाणी खासदाराने गप्प बसावे म्हणून पैसे दिले जातात. इथे आपल्यासाठी बोलणारा कुणी नाही, हे सांगण्यासाठी दिले गेले. दिल्लीने वळून पाहिले ते एवढेच की त्याच वर्षी अनामत ५०० ची १० हजार झाली आणि अपक्षाला दहा सूचक लागू लागले. पुढे ती २५ हजार झाली.

वर्गणीचे कौतुक सांगताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्गणीही बांधते. पाच-पाच, दहा-दहा रुपयांनी उभा राहिलेला आमचा प्रतिनिधी एका मागणीला इतका बांधला जातो की उसाच्या थकलेल्या बिलांवर, गटारांवर, मराठी शाळांतल्या घटत्या पटावर तो काय बोलला, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारले तर विचारणाराच फितूर ठरतो. मौन इकडेही असते. फक्त एक फरक मला मोलाचा वाटतो. वर्गणीच्या पावतीपुस्तकात देणाऱ्याचे नाव असते, आणि दहा रुपये देणारा माणूस चौकात उभा राहून जाब विचारू शकतो. कोट्यवधी देणारा चौकात कधी येत नाही, आणि त्याचे पावतीपुस्तक मागितले की धर्माची गती सूक्ष्म होते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी एका पक्षाचे चार कार्यकर्ते घरी आले होते. त्यांतले दोघे माझेच विद्यार्थी. छापील पत्रक गुळगुळीत, चौरंगी, दाराबाहेर गाडी उभी. मी पत्रक वाचले, त्यातली विकासकामांची यादी वाचली, आणि सहज विचारले, “एवढा खर्च करतोय कोण रे?” दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यातला धाकटा हसला आणि म्हणाला, “पैशाचं आम्ही बघतो की सर. तुम्ही तेवढं मत घाला.”